तारा लावल्यावर चूळ कशाची भरायची?

मे महिन्याच्या सुट्टीत दातांना तारा बसवून घ्यायला मुलांची रीघ लागते. मग शाळा-कॉलेज सुरू होतात, सकाळी ब्रशला दोनच मिनिटं उरतात, आणि दिवाळीच्या आसपास हिरड्या सुजल्याच्या तक्रारी येऊ लागतात. यावेळचे बहुतेक प्रश्न माउथवॉशबद्दलच आहेत, म्हणून ते एकत्रच घेते.

प्रश्न : तारा लावून पाच महिने झाले. ब्रश करताना रक्त येतं, म्हणून मी तिथे ब्रश हळूच फिरवते. मैत्रीण हेक्सिडीन वापर म्हणते, मेडिकलवाल्याने लिस्टरीन दिलं, घरात कोलगेट प्लॅक्स आहे. हिरड्यांसाठी सगळ्यात चांगलं कोणतं?
*(बारावीची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)*

आधी तुझ्या प्रश्नातल्या दुसऱ्या वाक्याबद्दल बोलते. रक्त येतं म्हणून तू तिथे ब्रश हळूच फिरवतेस. नेमक्या त्याच जागी घाण साचते आणि हिरडी आणखी सुजते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या काही जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. त्यांच्या दातांना तर ताराही नव्हत्या. तुझ्या प्रत्येक दातावर ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा छोटा चिकटवलेला तुकडा आहे आणि त्याच्या चारही बाजूंना अडचणीच्या जागा आहेत.

आता तू विचारलेल्या तिघांबद्दल. तिन्ही एकाच कामाची नाहीत.

हेक्सिडीनमध्ये क्लोरहेक्सिडीन असतं, ०.२ टक्के. सूज आणि दातांवरचा चिकट थर कमी करण्यात याच्या तोडीचं दुसरं माउथवॉश नाही. ते दाताला आणि गालाच्या आतल्या त्वचेला चिकटून राहतं आणि कित्येक तास हळूहळू सुटत राहतं, म्हणून दिवसातून दोनदा पुरतं. पण ते औषध आहे. त्याचा कोर्स असतो, साधारण दोन आठवड्यांचा. रोजच्या वापराची ती वस्तू नव्हे.

लिस्टरीनच्या जातीच्या माउथवॉशमध्ये थायमॉल, युकॅलिप्टॉल, मेंथॉल अशी सुगंधी तेलं असतात. थर आणि सूज दोन्हींवर त्यांचा गुण येतो, क्लोरहेक्सिडीनपेक्षा कमी, पण ती जास्त दिवस वापरता येतात. प्लॅक्समध्ये सेटिलपायरिडिनियम क्लोराइड आहे. ते सौम्य आहे, तोंडाला झोंबत नाही, आणि हिरड्यांवरचा त्याचा परिणामही तसाच बेताचा.

तुझ्या हिरड्या आत्ता सुजलेल्या आहेत. तुझ्या डॉक्टरांना दाखव, त्यांनी सांगितलं तर दोन आठवडे क्लोरहेक्सिडीन घे आणि त्याच दोन आठवड्यांत ब्रशची पद्धत बदल. ब्रश आडवा ओढू नकोस. आधी ब्रॅकेटच्या वर, हिरडीकडे तिरका धर, नंतर ब्रॅकेटच्या खाली. तारेच्या मागून जाणारा छोटा ब्रश मिळतो, बाटली घासायच्या ब्रशसारखा दिसणारा. तो घेच. गेल्या आठवड्यात एका मुलीच्या तारेमागून मी असा ब्रश फिरवला, तर शेंगाचटणीचे तीन बारीक कण बाहेर आले. ती चटणी तिने आदल्या रात्री कडक भाकरीबरोबर खाल्ली होती. झोपण्याआधी माउथवॉशने चूळही भरली होती. कण जागचे हलले नव्हते. कोणतंही माउथवॉश अडकलेलं अन्न ओढून काढत नाही, आणि जमून बसलेल्या थराच्या आतपर्यंतही पोचत नाही. थर ब्रशनेच मोडावा लागतो.

आणि हो, कडक भाकरी थेट दाताने मोडू नकोस, ब्रॅकेट निघतं. आमटीत किंवा दुधात कुस्करून खा.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी क्लोरहेक्सिडीन लिहून दिलं होतं. बरं वाटलं म्हणून आम्हीच पुन्हा पुन्हा आणलं, तीन महिने झाले. आता ब्रॅकेटभोवती दात तपकिरी दिसतात, आणि पोरगा म्हणतो भाजीत मीठच नाही. दात किडले का?
*(एक आई, बार्शी)*

तुमचं वर्णन वाचूनच बरंचसं कळतं. ही बहुधा कीड नाही, औषधाचे डाग आहेत. क्लोरहेक्सिडीन दातावर बसतं आणि चहा, कॉफी, हळद यांतला रंग त्याला धरून राहतो. भाजी अळणी लागणं हाही त्याचाच परिणाम, खारट चव काही काळ बोथट होते. औषध थांबवल्यावर चव परत येते. डाग मात्र घरच्या ब्रशने सहसा जात नाहीत, दवाखान्यात पॉलिश करून निघतात. तारा असतानाही ते करता येतं, त्या काढायची गरज नाही. डागाखाली कीड नाही ना, हे डॉक्टर त्याच वेळी बघतील. याच औषधाने कीटणही जास्त साठतं, तेही काढून घ्या.

पुढे कधी पुन्हा हा कोर्स लागला तर दोन गोष्टी पाळा. औषध घेतल्यावर लगेच चहा देऊ नका. आणि टूथपेस्टने ब्रश केल्या केल्या ही चूळ भरायची नाही, कारण पेस्टला फेस आणणारा सोडियम लॉरिल सल्फेट क्लोरहेक्सिडीनला निकामी करतो. मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या. शक्य असेल तर ब्रश सकाळी उठल्यावर आणि चूळ शाळेतून आल्यावर, असं वेळापत्रकच वेगळं ठेवा.

एक मनापासून सांगते. चिठ्ठीवर दिवस लिहिलेले असतात ते पाळण्यासाठी. गुण आला म्हणून औषध चालू ठेवणं आपल्याकडे फार होतं.

प्रश्न : मी माळकरी आहे. वयाच्या चौतिसाव्या वर्षी तारा लावल्या. माउथवॉशमध्ये दारू असते असं ऐकलं, खरं का? मला ती तोंडातही नको.
*(शिक्षक, पंढरपूर)*

काहींमध्ये असते, खरं आहे. सुगंधी तेलं पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून त्यांच्या मूळ प्रकारात अल्कोहोल घालतात, आणि ते २० टक्क्यांहूनही जास्त असू शकतं. पण आता अल्कोहोल नसलेले प्रकार सहज मिळतात. बाटलीच्या मागचे घटक वाचा. तिथे इथेनॉल किंवा अल्कोहोल लिहिलेलं असेल तर बाटली परत ठेवा. हे वगळल्याने तुमच्या हिरड्यांचं काही नुकसान नाही. उलट तारेने गाल सोलवटला असेल तर अल्कोहोल झोंबतं, आणि आपल्या बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात आधीच कोरडं पडलेलं तोंड त्याने आणखी कोरडं होतं.

तुमच्या वयाला आणखी एक बघावं लागेल. ब्रश नीट होत असूनही रक्त थांबत नसेल तर साखर तपासून घ्या. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपीनची गोळी चालू असेल तर तेही दंतवैद्यांना सांगा, तिने काही जणांच्या हिरड्या वाढतात.

प्रश्न : आजी म्हणते, माउथवॉशवर पैसे कशाला, मिश्री लाव, रक्त थांबतं. नाहीतर मिठाच्या पाण्याने गुळण्या कर. तिचं ऐकू का?
*(कॉलेज विद्यार्थी, अक्कलकोट)*

निम्मं ऐक. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्याने तारेने झालेल्या जखमेला आराम पडतो. पहिल्या आठवड्यात मी स्वतः सगळ्यांना तेच सांगते.

मिश्री मात्र नको, एक बोटही नको. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने रक्त कमी झाल्यासारखं दिसतं, कारण निकोटीनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. आजार आत वाढतच राहतो, फक्त त्याची खूण झाकली जाते. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे कितीतरी बायका चार भिंतींआड वर्षानुवर्षं मिश्री लावतात, आणि कुणी विचारत नाही म्हणून डॉक्टरांनाही सांगत नाहीत. आजींना एकदा तपासायला घेऊन ये. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर अजिबात थांबू नकोस.

प्रश्न : मुलीच्या हिरड्या चांगल्या आहेत, पण ब्रॅकेटच्या कडेला खडूसारखे पांढरे डाग दिसू लागलेत. हिरड्यांचंच माउथवॉश चालेल का?
*(पालक, होटगी रस्ता)*

नाही. दातांवरचा चिकट थर साचून राहिल्यावर जंतूंच्या आम्लाने दातातून खनिजं निघून जातात, त्याचे हे डाग आहेत. तारा लावल्यापासून महिन्या-दोन महिन्यांतही ते उमटू शकतात. इथे फ्लोराइडचं माउथवॉश हवं, सोडियम फ्लोराइड ०.०५ टक्के, रोज एकदा. डाग नसले तरी तारा असलेल्या बहुतेकांना मी हेच सुचवते. सहा वर्षांखालच्या मुलांना मात्र नाही, ती गिळून टाकतात.

रोजच्या पेस्टमध्ये साधारण १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत १००० भाग) फ्लोराइड असतं, या माउथवॉशमध्ये २२५ च्या आसपास. ब्रश झाल्यावर लगेच चूळ भरली तर जास्तीचं फ्लोराइड धुऊन कमी फ्लोराइड तोंडात राहतं. म्हणून ब्रशनंतर पेस्ट फक्त थुंकायची. माउथवॉश दुपारी जेवणानंतर, दहा मिलिलिटर, एक मिनिट तोंडात खळखळवून थुंकायचं आणि पुढे अर्धा तास पाणीही प्यायचं नाही. डाग नवे असताना सुरुवात केली तर बऱ्याचदा फिके पडतात. पुढच्या वेळी तारा आवळायला जाल तेव्हा डॉक्टरांनी आवळण्यासाठी तार सोडवली असतानाच त्यांना डाग दाखवा आणि डागांचा फोटो काढून ठेवा, म्हणजे तीन महिन्यांनी ते वाढले की कमी झाले हे ताडून बघता येईल.