रोमन नाण्यांवरचा ‘सीझर’: सम्राट की युवराज?

रोमन नाण्यावर एखाद्या राजपुत्राच्या नावाला ‘सीझर’ जोडलेले असेल, तर त्याचे मराठीत ‘सम्राट’ करावे की ‘युवराज’, असा प्रश्न आहे. माझ्या मते ‘सम्राट’ मुळीच करू नये आणि ‘युवराज’ही सरसकट करू नये.

‘सम्राट’ सुचतो तो ब्रिटिश राज्यकर्त्यांच्या ‘कैसर-ए-हिंद’ (हिंदुस्थानचा सम्राट) या पदवीमुळे. हा कैसर म्हणजे सीझरच, आणि आपल्याकडे तो सार्वभौमत्वाचा अर्थ घेऊनच आला. रोममध्ये मात्र हे मुळात एका घराण्याचे नाव. पुढे ते सम्राटांनी धारण केले, आणि इ. स. १३६ मध्ये सम्राट हेड्रियनने लूसियस एलियसला दत्तक घेतल्यानंतर, ‘ऑगस्टस’ म्हणजे सत्ताधीश आणि नुसता ‘सीझर’ म्हणजे त्याचा नियुक्त वारस, हा भेद रूढ होत गेला. एलियस स्वतः गादीवर बसलाच नाही. १ जानेवारी १३८ रोजी तो वारला.

सम्राट मॅक्रिनसचा मुलगा डायाडुमेनियन २१७ मध्ये सीझर झाला, तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षांचा होता. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर कोवळा चेहरा आणि उघडे मस्तक दिसते. सम्राटाच्या डोक्यावरची पर्णमाला तिथे नाही. मागील बाजूस तो लष्करी निशाणांजवळ उभा असून भोवती ‘प्रिंकेप्स युवेंतूतिस’ या बिरुदाची संक्षिप्त अक्षरे आहेत. याचेही ‘युवराज’ करण्याचा मोह होतो, पण अर्थ ‘तरुणांमधील अग्रणी’ एवढाच आहे. २१८ मध्ये बापाने त्याला ऑगस्टस केले आणि त्याच वर्षी तो मुलगा मारला गेला. त्या पोराला ‘युवराज’ म्हटले तर शोभते. पण १ मार्च २९३ रोजी सीझर झालेला गॅलेरियस हा प्रौढ सेनानी आणि सम्राट डायोक्लेशियनचा जावई होता. त्याला ‘युवराज’ म्हटल्यास वाचकाच्या डोळ्यांसमोर भलतेच चित्र उभे राहील.

आपल्याकडे प्राचीन काळी गुजरात-माळव्यात राज्य करणाऱ्या पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवर ‘महाक्षत्रप’ आणि ‘क्षत्रप’ अशी ज्येष्ठ-कनिष्ठ पदे दिसतात. तिथे राजपद पुष्कळदा भावाकडे जाई, म्हणून ‘क्षत्रप’चेही आपण ‘युवराज’ करत नाही. मूळ पदच ठेवतो. तोच न्याय इथे लावावा: ‘सीझर डायाडुमेनियन’ असे लिहावे आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘ऑगस्टसचा नियुक्त वारस’ एवढा खुलासा जोडावा.