दोन डाव रडलं होतं

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. मागच्या पावसाळ्यात माझ्या काकूचं बाळ आठव्या महिन्यात झालं आणि चौथ्या दिवशी गेलं. तेव्हापासून वाटतं, या कामात काही करावं. पण मी डॉक्टर नाही. माझा तिथे काय उपयोग?

उत्तर : काकूला माझा नमस्कार सांग. तिच्याशी बोलताना बाळाचा विषय टाळू नकोस, तिला बोलायचं असेल तर ऐक.

तुझा प्रश्न एके काळी माझाही होता, म्हणून जरा लांबून सांगते. मी मुळात बालरोगाची डॉक्टर. नोकरीच्या सुरुवातीला एका तालुक्यातल्या बालमृत्यूंच्या नोंदी पडताळायचं काम माझ्याकडे आलं. वहीत 'उपजत मृत्यू', म्हणजे बाळ मेलेलंच जन्मलं, अशी नोंद असलेल्या एका घरी गेले. दिवस कापूस वेचणीचे, सगळे वावरात. अंगणात बाजेवर एकटी आजी तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. फॉर्मवरचे प्रश्न मी विचारत गेले, ती हो-नाही म्हणत गेली. निघताना सहज विचारलं, "आजी, बाळ रडलं होतं का?" तिचे हात थांबले. "दोन डाव रडलं होतं बाई. मंग गप झालं." मग हे आधी का नाही सांगितलं? "कोणी इचारलंच नाही."

नवजात मृत्युदर म्हणजे दर हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या २८ दिवसांत गेलेली बाळं. त्या भागाकारात हे बाळ वरही नव्हतं आणि खालीही नव्हतं. ते रडलं, म्हणजे जिवंत जन्मलं. त्या वेळी त्याला पुसून कोरडं करणारं, ऊब देणारं, गरज पडली तर पिशवी-मास्कने श्वास देणारं कोणी जवळ असतं, तर ते कदाचित राहिलं असतं. वहीत 'उपजत' लिहिल्यावर हा प्रश्नच कोणाला पडत नाही. परतताना एसटीत मी तोच फॉर्म पुन्हापुन्हा काढून पाहत होते. पुढच्या वर्षी बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे आरोग्याच्या कामातलं संख्याशास्त्र, शिकायला गेले.

याचा उलटा फेरही असतो, आणि तो मला फार उशिरा कळला. २०१० मध्ये सहा देशांतल्या गावांमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, भारतही त्यात होता. प्रसूती करणाऱ्यांना नवजात बाळाची काळजी शिकवली होती. पहिल्या सात दिवसांतले मृत्यू म्हणावे तसे कमी झाले नाहीत, पण उपजत मृत्यूंचं प्रमाण हजारी २३ वरून सुमारे १६ वर आलं. पूर्वी मेलेलं समजून बाजूला ठेवली जाणारी काही बाळं आता श्वास घेऊ लागली होती. नुसता नवजात मृत्युदर पाहणारा म्हणाला असता, प्रशिक्षण वाया गेलं. म्हणून आम्ही उपजत आणि नवजात असे दोन्ही मृत्यू एकत्र मोजूनही पाहतो. हे ओळखायला डॉक्टरकी लागत नाही, तुझा विषय लागतो.

आता तुझ्या वहीतलं गणित. समज, नवजात मृत्युदर हजारी २० आहे आणि एखाद्या उपायाने तो १५ वर येतो का, हे पाहायचंय. नेहमीचे ५ टक्के (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के (खरा फरक पकडण्याची शक्यता) धरून नमुन्याची संख्या काढ. प्रत्येक गटात साधारण १०,८०० बाळं येतील. आता उपाय एकेका बाळाला न देता गावागावांना द्यायचा आहे. एका गावातल्या बाळांचं पाणी एक, उपकेंद्र एक, रस्ता एक, म्हणून ती एकमेकांसारखी असतात. शंभर बाळांकडून शंभर वेगळ्या बाळांइतकी माहिती मिळत नाही. दर गावसमूहात १०० बाळं आणि साम्याचा गुणांक ०.०१ धरला, तर संख्या जवळजवळ दुप्पट होते. हा गुणांक विसरून केलेला अभ्यास, कितीही तळमळीने केला तरी, खोटा दिलासा देऊ शकतो. अशा जागी मला डॉक्टरपेक्षा तुझ्यासारखी मुलगी शेजारी हवी असते.

आणि हे काम आपल्या मातीतलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत हे काम झालं, ४७ गावं तुलनेला होती. निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले : तिसऱ्या वर्षी तुलनेतल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली. गावं चिठ्ठी टाकून वाटलेली नव्हती, ही त्यातली मर्यादा मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवते. पण काम सुरू करण्याआधी त्यांनी दोन्हीकडचे मृत्यू मोजून ठेवले होते, हजारी ६२ आणि ५८. सुरुवात जवळपास सारखी होती, हे त्यामुळे दिसलं. उपायाआधी मोजत बसण्याचा तो धीर मला त्या अभ्यासात सर्वांत मोठा वाटतो. आज आशाताई ज्या घरभेटी देतात, त्यांचं मूळ तिथे आहे.

वाट सांगते. एम.एस्सी. बायोस्टॅटिस्टिक्स कर. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आहे, मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यासाच्या संस्थेत लोकसंख्येच्या अभ्यासासोबत आहे. नुसतं एम.एस्सी. संख्याशास्त्र करूनही या क्षेत्रात येता येतं. 'आर' हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आजपासून शिक. जमलं तर सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज पाहून ये. १९६९ पासून तिथली मुलं गावात राहून शिकतात. बाबांना सांग की यात पगार आहे, पण बँकेसारखा लागलीच कायमचा नसतो. प्रकल्प दोन-तीन वर्षांचे असतात. हे त्यांच्यापासून लपवू नकोस.

प्रश्न : मॅडम, मी काटोलकडचा शेतकरी. गर्भवतींसाठीच्या एका अभ्यासात म्हणे चिठ्ठी टाकून गावं निवडली. शेजारच्या गावाला औषध, आमच्या सुनेला नाही. औषध चांगलं आहे तर सगळ्यांना का देत नाहीत? गरिबावर प्रयोग कशाला?

उत्तर : भाऊ, तुमचा राग रास्त आहे. तुम्ही लिहिलेल्या अभ्यासाची माहिती माझ्याकडे नाही, पण आपल्या भागाशी जोडलेली एक गोष्ट सांगते.

दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची शक्यता असलेल्या आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवलं. मोठ्या दवाखान्यांत त्याने असंख्य बाळं वाचली. मग खेड्यात का नको? सगळ्यांना द्यावं, असंच मलाही वाटत होतं. सहा देशांत चिठ्ठी टाकून पाहणी झाली, जवळपास एक लाख जन्मांची. भारतातली केंद्रं बेळगाव आणि आपलं नागपूर. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आकडे छापून आले. वजनाने अगदी लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि एकूण नवजात मृत्यू इंजेक्शनाच्या बाजूला हजारी २७.४, दुसऱ्या बाजूला २३.९. चांगलं म्हणून माहीत असलेलं औषध जिथे वाटलं, तिथे जास्त बाळं गेली. इंजेक्शन मिळालेल्या पुष्कळ बाया दिवस भरूनच बाळंत झाल्या होत्या, म्हणजे ज्यांना गरज नव्हती त्यांनाही ते मिळालं होतं.

ते वाचल्यावर मी बरेच दिवस अस्वस्थ होते. चिठ्ठी न टाकता सगळ्या गावांना दिलं असतं, तर हे कोणाला कळलंच नसतं. पुढे २०२० मध्ये भारतासह पाच देशांतल्या दवाखान्यांत, सोनोग्राफीने गर्भाचे दिवस नक्की करून, फार आधी बाळंत होण्याची शक्यता असलेल्या बायांमध्येच पुन्हा पाहिलं. तिथे त्याच प्रकारच्या औषधाने मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले. औषध तेच, कोणाला, कधी आणि कुठे, हे बदललं.

तरी सुनेच्या वतीने विचारायचा हक्क तुम्हाला आहे. मराठीतलं माहितीपत्रक मागा. नैतिक समितीची परवानगी आणि सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक विचारा. औषधाच्या चाचणीची ही नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. इजा झाली तर भरपाई कोण देणार, हे लेखी घ्या. 'नाही' म्हणाल्यास नेहमीचे उपचार थांबत नाहीत. उत्तर देताना कोणी टाळाटाळ केली, तर खुशाल नकार द्या.

प्रश्न : मी आशा आहे. एक बाळ जन्मून काही मिनिटांतच गेलं. वरून सांगितलं, 'उपजत लिही, नाहीतर चौकशी लागेल.' मी काय लिहू?

उत्तर : ताई, बाळाने एक जरी श्वास घेतला असेल, हृदय किंवा नाळ ठोके देत असेल, हातपाय हलवले असतील, तर तो जिवंत जन्म. मिनिटांचा हिशोब त्यात नाही. जन्म आणि मृत्यू अशा दोन्ही नोंदी करायच्या, २१ दिवसांच्या आत. तुम्ही पाहिलं तेच लिहा, वेळेसकट, आणि फॉर्मचा फोटो स्वतःजवळ ठेवा. चौकशी झाली तर तिथे पिशवी-मास्क होता का, तो कोणाला वापरता येत होता का, हे विचारलं जाईल, आणि ते विचारलं जायलाच हवं.

आणखी एक. दुसऱ्या कोणाच्या घरची नोंद घेताना आईला किंवा आजीला चारचौघांत विचारू नका. सगळे गेल्यावर जवळ बसा, मग विचारा, रडलं होतं का.