गॅरामाँड नावाचे इतके फाँट का, आणि पुस्तकासाठी कोणता घ्यावा?

वर्डमधला गॅरामाँड, फुकट मिळणारा ईबी गॅरामाँड, विकतचे अडोबी आणि आयटीसी गॅरामाँड हे सगळे एकच का, असं तुम्ही विचारलंय. इंग्रजी कथासंग्रह छापायचाय म्हणून. एकच नाहीत. वर्डमधला तर ज्याचं नाव लावलंय त्या गारामाँच्या अक्षरांवरून केलेलाच नाही.

क्लोद गारामाँ हा पॅरिसमध्ये अक्षरांचे पंच, म्हणजे छपाईचे खिळे ओतण्यासाठी लागणारे ठसे, कोरणारा कारागीर. १५६१ साली वारला. त्यानंतर साठेक वर्षांनी सदाँ गावच्या झाँ जानोंने त्याच धाटणीची स्वतःची अक्षरं कोरली आणि १६२१ साली त्यांचा नमुना छापला. ती पुढे फ्रान्सच्या सरकारी छापखान्यात पोचली आणि कालांतराने गारामाँचीच समजली गेली. मोनोटाइप या फाँट काढणाऱ्या कंपनीने १९२२ साली त्यांच्यावरूनच आपला गॅरामाँड काढला. १९२६ मध्ये मुद्रणाच्या अभ्यासक बिआट्रिस वॉर्ड यांनी टोपणनावाने लेख लिहून खरा कारागीर जानों असल्याचं दाखवून दिलं, पण तोवर नाव चिकटलेलं होतं. वर्डमध्ये आहे तो हाच.

फरक डोळ्यांनी पाहायचा तर ‘एम’, ‘एन’, ‘आर’ ही लहान अक्षरं मोठी करून छापा आणि भिंगाखाली धरा. जानोंच्या अक्षरांच्या डोक्यावरचे कोपरे वाटीसारखे खोलगट आणि धारदार दिसतील. इटॅलिकमधली, म्हणजे तिरप्या अक्षरांमधली, कॅपिटल अक्षरं पाहा, एक जास्त कललेलं, शेजारचं कमी. मला ही खोडी आवडते. आमंत्रणपत्रिकेत ती शोभून दिसते, पण दोनशे पानांच्या कथांमध्ये डोळा तिथे अडखळतो.

गारामाँच्या घराण्यातले म्हणावेत ते अडोबी आणि ईबी. रॉबर्ट स्लिमबाखने अडोबीचा १९८९ साली केला. ईबीचा आधार म्हणजे १५९२ सालचा एगेनॉल्फ-बेर्नर या खिळे ओतणाऱ्या कारखान्याचा नमुनापट; नावातली दोन अक्षरं तिथलीच. दोघांचं इटॅलिक मात्र रोबेर ग्राँझों या दुसऱ्या फ्रेंच कारागिराच्या अक्षरांवरून घेतलंय. यान चिखोल्ड या अक्षररचनाकाराचा साबोन फाँट (१९६७) याच कुळातला, नाव वेगळं असलं तरी. हाताने खिळे जुळवा, लायनोटाइप यंत्रावर लावा की मोनोटाइप यंत्रावर, पान सारखंच दिसलं पाहिजे या अटीवर तो केला होता. लायनोटाइपवर साधं आणि इटॅलिक अक्षर एकाच रुंदीत बसवावं लागे, म्हणून त्याचं इटॅलिक ऐसपैस आहे.

आयटीसीचा पुस्तकाला घेऊ नका. सत्तरच्या दशकात टोनी स्टॅनने तो केला तेव्हा लहान अक्षरांची उंची फार वाढवली. मथळ्यात, जाहिरातीत तो उठून दिसतो (ॲपलने तोच आवळून वर्षानुवर्षं वापरला), पण सलग मजकुरात ओळी एकमेकींवर चढल्यासारख्या वाटतात.

तुम्ही ईबी घ्या. परवाना खुला आहे, पुस्तकात वापरायला फाँटचे पैसे पडत नाहीत. अक्षर ११ पॉइंट, ओळ १४ पॉइंटवर ठेवून सुरुवात करा. एक पान ज्या कागदावर पुस्तक निघणार त्याच नॅचरल शेडच्या (किंचित पिवळसर) कागदावर छापून घ्या आणि खिडकीपाशी बसून वाचा, स्क्रीनवर पाहून ठरवू नका. कथांमध्ये देवनागरी शब्द येणार असतील तर ईबीत देवनागरी नाही, वेगळा फाँट लागेल. त्याचा आकार आकड्याने नाही, त्याच छापील पानावर डोळ्याने जुळवा.