आडनावांची उलगड : वॉशिंग्टन

प्रश्न : बेकर, टेलर ही इंग्रजी आडनावं धंद्यावरून आली. मग वॉशिंग्टन म्हणजे कपडे धुणारे का?

नाही. शंका गमतीची असली तरी धुण्याशी याचा काडीचा संबंध नाही. ईशान्य इंग्लंडमधल्या, पूर्वी डरॅम परगण्यात असलेल्या एका गावाचं हे नाव. जुन्या इंग्रजीत ‘टून’ म्हणजे कुंपण घातलेली वाडी. ह्वास्सा नावाच्या कुणाच्या तरी माणसांची ती वाडी, असा साधारण अर्थ. म्हणजे आपल्या चिपळूणकर-सातारकरांच्या पंगतीतलंच आडनाव. आपण गावामागे ‘कर’ लावतो, ते लोक तेव्हा गावाआधी ‘द’ लावत. पुढे तो गळून पडला.

प्रश्न : गावाचं नाव घराण्याला नेमकं कधी चिकटलं?

बाराव्या शतकात, आणि तेही अदलाबदलीतून! विल्यम द हर्टबर्न नावाच्या सरदाराने आपलं हर्टबर्न गाव डरॅमच्या बिशपला दिलं आणि बदल्यात वॉशिंग्टन घेतलं. बिशपच्या जमिनींची ११८३ सालची नोंदवही आहे, तिच्यात हा व्यवहार सापडतो. वर्षाला चार पौंड खंड, शिवाय बिशपच्या मोठ्या शिकारीला चार शिकारी कुत्रे घेऊन हजर राहायचं. जमीन बदलली तसं आडनावही बदललं. ही अदलाबदल झाली नसती, तर अमेरिकेच्या राजधानीचं नाव कदाचित इंग्रजीतल्या ‘हार्टबर्न’सारखं, म्हणजे छातीतल्या जळजळीसारखं ऐकू आलं असतं.

प्रश्न : मग हे लोक अमेरिकेत कसे पोचले?

आधी ते दक्षिणेला सरकले. लॉरेन्स वॉशिंग्टन हा लोकरीचा व्यापारी, नॉर्थॅम्प्टनचा महापौर. आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले, त्यांच्या जमिनी विक्रीला निघाल्या. त्यातली सल्ग्रेव्हची जमीन याने १५३९ मध्ये घेतली. तिथे बांधलेला वाडा आजही पाहता येतो.

पण चार पिढ्यांत दिवस फिरले. याच नावाचा एक वंशज एसेक्समध्ये पाद्री होता. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात, १६४३ साली, त्याला पद सोडावं लागलं. आरोप काय, तर दारूच्या गुत्त्यांत पडून असतो. राजाच्या बाजूच्या पाद्र्यांवर असे आरोप तेव्हा सर्रास होत, तेव्हा खरंखोटं देव जाणे. त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारी जहाजावर व्हर्जिनियाला गेला. १६५७ च्या सुरुवातीला जहाज पोटोमॅक नदीत रुतलं, आणि जॉन तिथेच राहिला. जॉर्ज वॉशिंग्टन हा त्याचा पणतू.

प्रश्न : अमेरिकेच्या झेंड्यावरचे तारे आणि पट्टे या घराण्याच्या चिन्हावरून घेतले का?

ऐकायला छान, पण पुरावा नाही. राजधानीचा १९३८ सालचा झेंडा मात्र खरोखर त्यावरूनच केलेला आहे : दोन लाल पट्टे, वर तीन लाल तारे.

प्रश्न : आज या आडनावाचे इतके लोक कृष्णवर्णीय कसे? ते सगळे जॉर्जचे वंशज का?

जॉर्जला स्वतःचं मूल नव्हतंच. २००० च्या अमेरिकी जनगणनेत हे आडनाव लावणारे सुमारे १,६३,००० लोक होते आणि त्यांतले सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय. मालकाचं आडनाव गुलामांवर लादलं गेलं, असं सरसकट समजू नका. पुष्कळांनी आडनाव स्वतः निवडलं. गुलामीत जन्मलेला बुकर शाळेत गेला, हजेरीला इतर मुलं दोन-दोन नावं सांगताहेत हे त्याने पाहिलं आणि आपली पाळी येताच ठोकून दिलं, ‘बुकर वॉशिंग्टन’! पुढे तो मोठा शिक्षणतज्ज्ञ झाला.

मला मात्र हॅरी वॉशिंग्टन जास्त आठवतो. जॉर्जच्या माउंट व्हर्नन या मळ्यातून पळालेला हा गुलाम अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूला गेला, युद्ध संपल्यावर आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात राहिला आणि १७९२ मध्ये सिएरा लिओनला पोचला. ज्याच्या तावडीतून सुटला, त्याचंच आडनाव आफ्रिकेत घेऊन गेला.