जुना पीएसपी आज घ्यावा का, आणि अपडेट चालू असताना लाइट गेली तर काय होतं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. ओळखीत एक पीएसपी, म्हणजे सोनीचं हातात धरून गेम खेळायचं मशीन, विकायला आलाय तर तो आज घ्यावा का, त्यात गेमशिवाय काय काय चालतं, आणि जालन्याकडं लाइटीचा भरवसा नसताना त्याचं सॉफ्टवेअर अपडेट करावं का. दुकानदारानं तुम्हाला सांगितलंय की अपडेट चालू असताना लाइट गेली की मशीन कायमची मरते.

पहिल्या दोन प्रश्नांसाठी मी लिहायला बसलो नसतो. तिसऱ्यासाठी बसलोय. कारण हेच वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून लग्नांत ऐकलंय, बारशांत ऐकलंय आणि एकदा तर मामाच्या तेराव्यालाही ऐकलंय.

नाही मरत. लाइट गेल्यानं तर नाहीच मरत.

२००८ चा उन्हाळा, परभणी. तेव्हाचं लोडशेडिंग ज्यांनी काढलंय त्यांना वेगळं सांगायला नको. वेळापत्रक भिंतीला चिकटवलेलं असायचं, पण लाइट आपल्या मनानं यायची-जायची. ताई माहेरपणाला आली होती. दाजी तिला न्यायला म्हणून आले आणि आमरसावर रमले. त्यांच्याकडं पीएसपी होता, दुसरं मॉडेल, ज्याला सगळे स्लिम म्हणायचे. दुबईत कामाला असलेल्या मित्रानं आणून दिलेला. येताना पुण्याहून त्यांनी गॉड ऑफ वॉर या गेमची नवी डिस्क घेतली होती, चेन्स ऑफ ऑलिम्पस. डिस्क घातली तर मशीन म्हणाली, आधी अपडेट करा, मग खेळा.

आता हे अपडेट काही इंटरनेटवरून आणायचं नव्हतं. ते त्याच डिस्कवर असायचं. सोनीची ही युक्ती मला आजही आवडते, कारण त्या काळात आमच्या गल्लीत इंटरनेट म्हणजे कॅफेत तासाचे पैसे मोजणं होतं. आणि अपडेट उगीच मागत नव्हते. पीएसपीचा प्रोसेसर मुळात ३३३ मेगाहर्ट्झचा, पण बॅटरी टिकावी म्हणून गेमना तो सुरुवातीला २२२ पर्यंतच वापरू द्यायचे. २००७ मध्ये ३.५० नंबरच्या सॉफ्टवेअरनं ती अट काढली. म्हणजे तीच मशीन, आतला एक स्क्रू न हलवता जोरात पळायला लागली. हा गेम त्या जोरावरच चालणारा.

दाजी म्हणाले, "राहू दे रे, पुण्याला गेल्यावर करू. हितं लाइट गेली म्हंजे?"

मी तेव्हा बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मी म्हणालो, "दाजी, मशीनच सांगायली की काय काय पाहिजे ते. वाचा की."

ती सांगत होती की चार्जर जोडलेला पाहिजे आणि बॅटरीही पुरेशी भरलेली पाहिजे. एक असून भागत नाही, दोन्ही पाहिजेत, नाहीतर अपडेट सुरूच होत नाही. परभणीत ही अट म्हणजे कुंडली जुळवण्यासारखी. लाइट असली की बॅटरी उतरलेली, कारण लाइट नसताना भाचरांनी ती खेळून संपवलेली. बॅटरी भरली की लाइट गायब. शेवटी मी मशीन कपाटात कुलूप लावून ठेवली, ताईच्या शिव्या खाल्ल्या, आणि एका रात्री जेवणं झाल्यावर दोन्ही गोष्टी एकदम मिळाल्या.

अपडेट सुरू झालं. किती झालं ते दाखवणारी पट्टी निम्म्याच्या पुढं गेली आणि खोलीतला पंखा थांबला.

दाजी ओरडले, "गेली! गेली!"

आई आतून धावत आली, "अगं माय, कोण गेलं?"

मी काहीच बोललो नाही, कारण मी दिव्याकडं बघत होतो. पीएसपी चार्ज होत असला की त्याचा छोटा दिवा नारिंगी असतो. तो हिरवा झाला, एवढंच घडलं. चार्जर मेला, बॅटरीनं काम हातात घेतलं. पट्टी तशीच पुढं सरकत राहिली, शेवटाला गेली, मशीन बंद होऊन पुन्हा चालू झाली. त्या रात्री गच्चीवर अंधारात आम्ही दोघांनी आळीपाळीनं गेम खेळला. दाजीच जास्त खेळले.

आणि खेळत राहिले, दिवाळीपर्यंत.

दिवाळीत त्यांनी ती एका मोठ्या शहरातल्या दुकानात दिली, "सगळे गेम फुकट" टाकून घ्यायला. त्या दुकानदारानं कस्टम फर्मवेअर, म्हणजे सोनीच्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी लोकांनी बदलून केलेलं सॉफ्टवेअर, टाकताना काहीतरी भलतंच टाकलं. मशीन परत आली ती हिरवा दिवा लागायचा आणि पडदा काळा. दुकानदार म्हणाला, "आधी कधी अपडेट करताना लाइट गेली होती का? मग आतून कच्ची झाली असणार."

झालं! त्या दिवसापासून मी आमच्या घरातला मशीन मारणारा कॉम्प्युटरवाला.

"आतून कच्ची" हा प्रकार सॉफ्टवेअरमध्ये नसतो. फर्मवेअर, म्हणजे मशीनचं मूळ सॉफ्टवेअर, आतल्या फ्लॅश मेमरीत लिहिलं जातं. लिहिताना मध्येच वीज तुटली तर अर्धवट राहतं आणि मशीन पुढच्या वेळी सुरूच होत नाही. सुरू झाली, मेनू दिसला, गेम चालला, म्हणजे लिखाण पूर्ण आहे. ते उन्हाळ्यात अर्धवट राहून दिवाळीला उघडकीला येत नाही. ही मशीन चार्जर आणि बॅटरी दोन्ही मागते ती याच्यासाठीच. जपानमध्ये हे बनवणाऱ्यांना परभणी माहीत नसेल, पण एक वीज गेली तर दुसरी असावी एवढं त्यांना कळत होतं.

पुढं नांदेडला होस्टेलवरच्या एका मित्राकडं पँडोरा बॅटरी मिळाली. पीएसपीच्या बॅटरीत एक चिप असते आणि तिला सीरियल नंबर असतो. तो नंबर एका ठरावीक पद्धतीनं बदलला की मशीन समजते आपण सर्व्हिस सेंटरमध्ये आहोत, आणि आतली फ्लॅश मेमरी बाजूला ठेवून थेट मेमरी स्टिकवरून, म्हणजे त्यात घालायच्या छोट्या कार्डावरून, सुरू होते. मग आतलं सगळं पुसून नव्यानं लिहिता येतं. हे २००७ मध्ये लोकांनी शोधून काढलं आणि पुढच्या मॉडेलांत सोनीनं ती वाट बंद केली. दाजींच्या मशीनवर ती उघडी होती. मशीन उठली. त्यांची मूळ बॅटरी परत घालून मी संक्रांतीला नेऊन दिली.

दाजींनी ती चालू करून पाहिली, तिळगूळ तोंडात टाकला आणि म्हणाले, "म्हंजे बॅटरीच खराब होती तर. लाइट गेल्यामुळंच झाली असंल."

यावर काय बोलणार? मूळ बॅटरीवरच चालू करून दाखवली होती त्यांच्यासमोर. ताई हसायली, भाचरं हसायली. मी चहा घेऊन निघालो.

आता तुमच्या बाकीच्या प्रश्नांकडं येतो.

पीएसपीत गाणी, फोटो, व्हिडिओ, ब्राउझर हे सगळं आहे. त्यातलं ब्राउझर विसरा. त्याचं वायफाय जुन्या ८०२.११बी पद्धतीचं आहे आणि आजच्या राउटरच्या सुरक्षेशी त्याचं जमत नाही. व्हिडिओ पडद्याच्या मापात, म्हणजे ४८० बाय २७२ मध्ये करून टाकलात तर छान दिसतात. मेनू मात्र अजून बघण्यासारखा आहे. आडव्या रांगेत सेटिंग्ज, फोटो, म्युझिक, व्हिडिओ, गेम, नेटवर्क. उभ्या रांगेत त्यातल्या वस्तू. माझी आई, जिनं आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नाही, ती यात लताबाईंची गाणी स्वतः शोधून लावायची.

पण खरी चीज म्हणजे स्लीप. उजव्या बाजूचा खटका वर सरकवून सोडला की गेम जिथं आहे तिथं गोठतो, परत सरकवला की त्याच क्षणापासून चालू. गेमला सेव्ह करायची सोय असो-नसो. हे २००४ मधल्या मशीनमध्ये होतं, आणि त्यासाठी मी बाकीचं सगळं माफ करतो. देवगिरी एक्सप्रेसमध्ये टीसी आला, खटका. मानवत रोडला कुणी ओळखीचं चढलं, खटका. दाजी सासरे समोर आले की हेच करायचे. आणि दोन मशीन असल्या तर ना राउटर लागतो ना इंटरनेट, शेजारी बसून थेट एकमेकांशी जोडून खेळता येतं. काही गेममध्ये तर एकाच डिस्कवर दोघांचं भागतं.

घ्यायचा तर २०००, म्हणजे दाजींचा तो स्लिम, किंवा ३००० मॉडेल घ्या. ३००० चा पडदा रंगाला चांगला, माइकही आत आहे. १०००, म्हणजे पहिलं मॉडेल, दणकट आहे, पण त्यात मेमरी निम्मी, ३२ एमबी. गो नावाच्या मॉडेलमध्ये डिस्क घालायची सोयच नाही आणि पीएसपीवरचं सोनीचं ऑनलाइन दुकान बंद झालंय, म्हणून ते हौशी लोकांसाठी. ई१००० कुणी फुकट दिला तरी विचार करा, त्यात वायफायच नाही, म्हणजे शेजारी बसून खेळायची मजा गेली. मेमरी स्टिक महाग मिळते, तिच्याऐवजी मायक्रोएसडीचं अडॅप्टर चालतं. डावीकडची घुंडी आपोआप एका बाजूला ओढत नाही ना, आणि डिस्क घातल्यावर ती वाचते का, हे समोर बसून बघा.

कस्टम फर्मवेअरबद्दल माझं मत विचारलं नाहीत तरी सांगतो. दुकान बंद, नवे गेम बंद, तेव्हा आज ते टाकणं मला गैर वाटत नाही. पण स्वतः वाचून, स्वतः टाका. "अर्ध्या तासात करून देतो" म्हणणाऱ्या दुकानदाराच्या हातात मशीन देऊ नका. का, ते वर आलंय.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. नुसते गेमच खेळायचे असतील तर फोनवर पीपीएसएसपीपी नावाचं ॲप आहे. त्यात पीएसपीचे बहुतेक गेम मूळ मशीनपेक्षा स्वच्छ दिसतात. मग पैसे कशाला घालता? बटणांची सवय आणि तो खटका, एवढ्यासाठीच मशीन घ्या.

राहिलं अपडेट. सेटिंग्जमध्ये सिस्टीम सेटिंग्ज, त्यात सिस्टीम इन्फर्मेशन उघडून नंबर बघा. ६.६१ असेल तर ते २०१५ चं शेवटचं आहे, त्यापुढं काहीच नाही, तुमचा प्रश्न तिथंच मिटला. जुना नंबर असेल तर आधी मागचं झाकण काढून बॅटरी बघा. इतक्या जुन्या बॅटऱ्या फुगतात, झाकण वर आलेलं असतं. तशी असेल तर ती वापरू नका, नवी आणा. ती नीट भरा, चार्जर लावा, आणि लाइट गेली तर जाऊ द्या. फक्त तेवढा वेळ ती बॅटरी काढू नका. आणि शेजारी ओरडणारं कुणी बसलं असेल तर मशीन त्याच्या हातात देऊ नका.