केबिन क्रूची निवड आणि अडकलेले रिलीव्हिंग लेटर

बँकेतील नोकरी सोडून केबिन क्रू होण्यासाठी वयाच्या सव्विसाव्या वर्षी तुमची निवड झाली आहे, प्रशिक्षणाची बॅच पुढच्या महिन्यात सुरू होत आहे, बँकेचा नोटीस पीरियड मात्र ९० दिवसांचा आहे आणि शाखा व्यवस्थापक ‘बघू’ म्हणत राजीनामा पुढे पाठवत नाहीत, हे तुमचे निवेदन वाचून मला माझे २०१९ चे वर्ष आठवले. त्या वेळी मी कोल्हापुरात एका विमा कंपनीच्या शाखेत ग्राहकसेवेचे काम करत होते आणि माझीही केबिन क्रूसाठी निवड झाली होती. मुलाखत, गटचर्चा, उंची-वजन यांविषयी मी काही लिहीत नाही, कारण तो टप्पा तुम्ही पार केलेला आहे. तुम्ही विचारले आहे की बँकेत जाणे सरळ बंद करून बॅचला हजर व्हावे का. माझे मत स्पष्टपणे ‘नको’ असे आहे.

विमान कंपनीचे ऑफर लेटर हे मेडिकल आणि पार्श्वभूमी तपासणी यांच्या अटींवर दिलेले असते. विमानतळाच्या आत काम करण्यासाठी जे प्रवेशपत्र लागते, ज्याला सगळे एईपी म्हणतात, ते नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या नियमांनुसार मिळते आणि त्यासाठीही पार्श्वभूमीची तपासणी होते. त्यामुळे इतर क्षेत्रांत जुन्या नोकरीच्या कागदाकडे जेवढी डोळेझाक होते, तेवढी येथे होत नाही. ‘न सांगता निघून गेली’ असा शेरा जुन्या कार्यालयाने मारला, तर तो समजावून सांगण्यातच बॅच निघून जाते.

माझ्या बाबतीत मी नोटीस पीरियड पूर्ण केला होता. शेवटच्या दिवशी लॅपटॉप, ओळखपत्र आणि चाव्या देऊन पावतीही घेतली होती. तरीही कंपनीच्या पोर्टलवर माझा राजीनामा ‘मंजुरीच्या प्रतीक्षेत’ असाच दिसत राहिला, कारण मंजुरीचे बटण ज्यांनी दाबायचे त्या अधिकाऱ्यांची बदली झाली होती आणि त्यांच्या जागी आलेल्यांना ते बटण दिसतच नव्हते. शाखेत विचारले की मुख्यालयातील मनुष्यबळ विभागाकडे बोट दाखवले जाई, आणि तेथे फोन केला की शाखेकडून मंजुरी आल्याशिवाय आम्ही काही करू शकत नाही, असे उत्तर मिळे. विमान कंपनीसाठी माझी पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्थेने त्याच विभागाला ईमेल पाठवून माझ्याविषयी विचारले, तेव्हा ‘कर्मचारी अद्याप सेवेत आहे’ असे उत्तर गेले. पगार बंद झालेला होता, माझ्या टेबलावर दुसरी मुलगी बसत होती, आणि कागदावर मात्र मी सेवेत होते! ज्या कार्यालयाला माणसे रुजू करून घेण्याची इतकी घाई असते, त्याला गेलेल्या माणसासाठी एका पानाचे रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मुक्त केल्याचे पत्र, देणे का जड जावे, हे मला आजतागायत कळलेले नाही.

परिणाम असा झाला की जानेवारी २०२० ची माझी बॅच हुकली आणि मला मार्चअखेरच्या बॅचमध्ये टाकण्यात आले. २५ मार्चपासून देशांतर्गत प्रवासी उड्डाणे बंद झाली, ती २५ मे रोजी अंशतः सुरू झाली, आणि तोपर्यंत माझी बॅच रद्द होऊन भरतीच थांबली होती. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले. जानेवारीत रुजू झालेल्या मुलींनाही पुढे बिनपगारी रजेवर बसावे लागले, हे मान्य करायला हवे. पण त्यांची ज्येष्ठता टिकली आणि काम सुरू होताच त्यांना बोलावणे आले. मी २०२२ मध्ये भरती पुन्हा वाढल्यावर वयोमर्यादेच्या काठावर असताना रुजू झाले. अनेक भारतीय कंपन्या नवख्या उमेदवारांसाठी २७ वर्षांच्या आसपास मर्यादा ठेवतात, म्हणून तुमच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे.

आता तुम्ही काय करावे, याविषयी. मी वकील नाही आणि प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे. पोर्टलवरच्या राजीनाम्यावर विसंबून राहू नका; आजच व्यवस्थापक आणि मनुष्यबळ विभाग या दोघांना ईमेल पाठवा, त्यात कामाचा शेवटचा दिवस कोणता असेल ते लिहा, आणि त्याची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा, कारण नोकरी सुटताच कार्यालयाचा ईमेल बंद होतो. नेमणूकपत्रात नोटीसऐवजी पैसे भरण्याची तरतूद असेल, तर नेमकी रक्कम लेखी मागा. हे पैसे भरणे मनाला टोचते, पण बॅच हुकण्यापेक्षा ते स्वस्त पडते. त्याच वेळी विमान कंपनीच्या भरती विभागाला खरी परिस्थिती कळवून पुढची बॅच मागा. राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल दाखवल्यास रिलीव्हिंग लेटर नंतर देण्याची मुभा काही कंपन्या देतात. विचारल्याशिवाय मात्र ती कोणी देऊ करत नाही.

भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली गेली आहे का, हेही पाहा. जुन्या कार्यालयाने ती नोंदवली नाही, तर शेवटची वर्गणी जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी सदस्याला ती पोर्टलवर स्वतः नोंदवता येते. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि ही नोंद एकत्र दिल्यावर शेवटी माझी तपासणी पार पडली. रिलीव्हिंग लेटर मला पुष्कळ उशिरा, तेही नाव चुकवून आले.

ग्रूमिंगच्या, म्हणजे या नोकरीसाठी राहणी-मेकअप शिकवणाऱ्या, संस्थेत लाखभर रुपये भरावेत का, हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. निवड झाल्यानंतर तर मुळीच भरू नका. अशा संस्थेची पदविका या नोकरीसाठी सक्तीची नाही. खरे प्रशिक्षण विमान कंपनी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार स्वतःच देते. त्यात आपत्कालीन दार उघडणे, घसरपट्टीवरून प्रवाशांना उतरवणे, धुरात काम करणे, आग विझवणे, प्रथमोपचार, धोकादायक माल ओळखणे आणि पाण्यात उतरलेल्या विमानातून सुटका हे सारे असते. १८० आसनांच्या ए३२० विमानात आम्ही किमान चौघे असतो, ते चहा देण्यासाठी नव्हे. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या पेटलेल्या ए३५० मधून सर्व ३७९ जण बाहेर पडले, तेव्हा आठपैकी तीनच दारे वापरता आली होती आणि उद्घोषणा यंत्रणा बंद पडल्याने क्रूने मेगाफोनवरून सूचना दिल्या. हे लिपस्टिकच्या वर्गात शिकवत नाहीत. पैसे खर्चच करायचे असतील तर पोहण्याच्या तलावाचे सदस्यत्व घ्या आणि पाण्याची भीती घालवा.

उत्पन्नाबद्दल थोडक्यात सांगते. प्रशिक्षणाच्या काळात बहुधा फक्त विद्यावेतन असते, आणि नंतरही पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो, म्हणून बँकेच्या ठरलेल्या पगाराची सवय असलेल्या माणसाने बेसच्या, म्हणजे जेथून ड्यूटी सुरू होते त्या, शहरातील काही महिन्यांचे घरभाडे बाजूला काढूनच निघावे.

जाता जाता एक गोष्ट आजच तपासा. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर क्रम वेगळा असतो, आणि आधार कार्डावर कधी वडिलांचे नाव गळालेले असते. बँकेच्या अनुभवपत्रावर नाव पासपोर्टप्रमाणेच लिहून द्यावे, अशी विनंती राजीनाम्याच्या ईमेलमध्येच करा. लग्नानंतर आडनाव बदलले असेल आणि जुनी कागदपत्रे माहेरच्या नावाची असतील, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्राच्या साक्षांकित प्रती जवळ ठेवा. गुणपत्रिकेतील नाव बदलण्याच्या भानगडीत मात्र आता पडू नका, त्याला लागणारा वेळ तुमच्याकडे नाही.