चौकशीविना बडतर्फी : कारण नस्तीवर आहे का?

प्रश्न : माझे थोरले बंधू महाराष्ट्र शासनाच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाल्यानंतर विभागीय चौकशी न करताच त्यांना बडतर्फ करण्यात आले. ‘आरोप गंभीर असल्याने चौकशी करणे व्यवहार्य नाही,’ एवढेच एक वाक्य आदेशात आहे. असा आदेश टिकतो का? आम्ही काय करावे? – एक वाचक

उत्तर : राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११(२) नुसार शासकीय कर्मचाऱ्याला बडतर्फ करण्यापूर्वी त्याच्यावरील दोषारोप त्याला कळवून चौकशी करावी लागते आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. दुसऱ्या परंतुकात, म्हणजे नियमाला जोडलेल्या अपवादाच्या तरतुदीत, याला तीन अपवाद आहेत. त्यांपैकी फौजदारी गुन्ह्यातील दोषसिद्धीचा अपवाद येथे लागू होत नाही, कारण अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे. राज्याच्या सुरक्षिततेचाही येथे संबंध दिसत नाही. उरतो तो खंड (ख) : चौकशी करणे वाजवीरीत्या व्यवहार्य नाही याबद्दल सक्षम प्राधिकाऱ्याची खात्री झाली पाहिजे आणि त्याची कारणे त्याने लेखी नमूद केली पाहिजेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १९८५ साली तुलसीराम पटेल प्रकरणात ही लेखी नोंद घटनात्मक बंधन ठरवली. कारणे आदेशापूर्वी नोंदवलेली नसतील, तर चौकशी टाळण्याचा निर्णय आणि त्यावर उभी असलेली बडतर्फी दोन्ही रद्दबातल ठरतात. मात्र कारणे आदेशातच लिहिली पाहिजेत किंवा कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजेत, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. तसे करणे इष्ट, एवढेच म्हटले आहे. त्यामुळे आदेश एका वाक्याचा आहे एवढ्यावरून तो कोसळेल, अशा भरवशावर कृपया राहू नका.

खरा शोध नस्तीत, म्हणजे प्रकरणाच्या कार्यालयीन फाइलमध्ये, घ्यायचा आहे. माहितीच्या अधिकाराखाली कारणे नोंदवलेल्या मूळ टिपणीची प्रत मागा आणि प्रथम सहीखालची तारीख पाहा. आदेश ५ तारखेचा आणि कारणांची टिपणी ९ तारखेची असेल, तर प्रकरण जवळपास तेथेच निकालात निघते. त्यानंतर टिपणीतील कारण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते ते तपासा. आरोप किती गंभीर आहे हे खंड (ख) विचारतच नाही. साक्षीदार का तपासता येत नाहीत, हे तो विचारतो. कर्मचारी साक्षीदारांना धमकावत आहे, चौकशी अधिकाऱ्याला दहशत घालत आहे, अशी कारणे मान्य होऊ शकतात, पण त्यांना वस्तुस्थितीचा आधार लागतो. केवळ अधिकाऱ्याच्या म्हणण्यावर हा निर्णय उभा राहू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जसवंत सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात स्पष्ट केले आहे. सापळ्याच्या प्रकरणात तक्रारदाराने आणि पंचांनी तपास यंत्रणेपुढे जबाब दिलेले असतील, तर तेच लोक विभागीय चौकशीत येणार नाहीत असे विभाग कशावरून म्हणतो, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. चौकशी काढून घेतल्यावर कर्मचाऱ्याच्या हाती दाद मागण्यासाठी ही टिपणीच उरते. म्हणून तिच्याकडे उपचार म्हणून पाहणे मला अत्यंत अन्यायकारक वाटते.

माहितीची वाट पाहत अपिलाची मुदत मात्र जाऊ देऊ नका. परिस्थिती निवळली असेल, तर आता तरी चौकशी करावी, अशी मागणी अपिलातच करता येते. त्यातून दाद न मिळाल्यास महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडे, अंतिम आदेशापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा. प्राधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असल्याचे अनुच्छेद ३११(३) सांगतो, तरी न्यायिक पुनर्विलोकनाचा, म्हणजे न्यायालयाकडून तो निर्णय तपासून घेण्याचा, मार्ग त्यामुळे बंद होत नाही. आदेश रद्द झाला तरी विभागाला रीतसर चौकशी करता येते आणि फौजदारी खटलाही स्वतंत्रपणे चालतो, हे बंधूंना आधीच सांगून ठेवा.